कुत्र्याच्या डोळ्याच्या सोनोग्राफीवरून मेंदूवरचा दाब ओळखता येतो का?

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी नव्यानं प्रॅक्टिस सुरू केलेल्या एका पशुवैद्यकानं विचारलं आहे: गाई-म्हशींच्या गाभण तपासणीसाठी घेतलेलं पोर्टेबल सोनोग्राफी मशीन जवळ आहे. डोक्याला मार लागलेलं कुत्रं आलं, तर डोळ्यावर प्रोब (मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) ठेवून मेंदूवरचा दाब वाढलाय का हे कळेल का? डोळ्यामागच्या नसेच्या आवरणाची रुंदी किती मिलिमीटरच्या वर गेली की दाब वाढला म्हणायचं? आणि मॅनिटॉल, म्हणजे मेंदूवरचा दाब उतरवायचं औषध, द्यायचं की नाही, हे त्या आकड्यावर ठरवावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण जीव त्याच्यावर अवलंबून असतो. नाही, त्या आकड्यावर ठरवू नका. कुत्रं गुंगीत आहे, एक बाहुली मोठी झालीय, नाडी मंदावलीय आणि रक्तदाब चढलाय, एवढं दिसलं की दाब वाढलाय असं धरून उपचार सुरू करा. सोनोग्राफी त्यानंतर. पण नंतर ती कराच, आणि एकदा करून थांबू नका. आपल्याकडे या तपासणीचा खरा उपयोग पहिल्या आकड्यापेक्षा दोन-तीन तासांनी घेतलेल्या दुसऱ्या आकड्यात आहे. त्याच कुत्र्याची, त्याच मशीनवर, त्याच हातानं घेतलेली दोन मापं शेजारी ठेवली की ती बोलू लागतात. एकटं माप फारसं काही सांगत नाही.

डोळ्यात मेंदूचा दाब दिसतो याचं कारण शरीररचनेत आहे. ऑप्टिक नर्व्ह, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडं जाणारी नस, ही इतर नसांसारखी नाही, तो मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे. मेंदूवरची आवरणं तिच्यावरही चढलेली असतात आणि त्या आवरणांमधली पाण्याची जागा कवटीतल्या पाण्याशी जोडलेली असते. कवटी बंद असते. आत मेंदू, रक्त आणि मेंदूचं पाणी या तिघांनाच जागा. रक्तस्राव झाला किंवा मेंदू सुजला की काहीतरी बाहेर सरकावं लागतं. हा विचार स्कॉटलंडच्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये मांडला आणि जॉर्ज केली यांनी पुढं नेला, आजही तोच पाया आहे. सरकणाऱ्या पाण्यातलं काही ऑप्टिक नर्व्हच्या आवरणात जातं आणि डोळ्याच्या गोळ्यामागं आवरण फुगतं. डोळ्याच्या पडद्यावर नर्व्हच्या तोंडाशी सूज दिसायला वेळ लागतो, आवरण मात्र काही मिनिटांत ताणलं जातं. भूल दिलेल्या कुत्र्यांमध्ये दाब मुद्दाम वाढवून केलेल्या प्रयोगांत दाबाबरोबर आवरणाची रुंदी वाढताना दिसली आहे. तेव्हा पद्धतीचा पाया पक्का आहे. अडचण येते ती आकड्याची.

माणसांच्या डॉक्टरांकडून तुम्ही ५ मि.मी.ची मर्यादा ऐकली असेल. ती कुत्र्याला लावायची नाही. निरोगी कुत्र्याचं आवरण ढोबळमानानं २ ते ३ मि.मी. भरतं. म्हणजे ५ ची वाट पाहत बसलात तर दाबानं मरायला टेकलेलं कुत्रंही तुम्हाला ‘नॉर्मल’ वाटेल. शिवाय कुत्र्यांमध्ये वजनाप्रमाणे हे माप बदलतं. सहा किलोचं पॉमेरेनियन आणि पस्तीस किलोचा लॅब्राडोर यांना एकच रेघ कशी चालेल? डोक्याच्या ठेवणीचाही फरक पडतो, पगसारख्या चपट्या तोंडाच्या जातींत डोळ्याची खोबणीच वेगळी असते. म्हणून काही संशोधक आवरणाच्या रुंदीला डोळ्याच्या गोळ्याच्या आडव्या व्यासानं भागून गुणोत्तर काढतात. कुत्र्याचा गोळा साधारण २० ते २२ मि.मी.चा असतो, त्यामुळे एकाच चित्रात दोन्ही मापं घेता येतात. पद्धत चांगली आहे. तरी निरोगी आणि आजारी कुत्र्यांचे आकडे एकमेकांत बरेच मिसळतात. सगळ्या कुत्र्यांना लागू पडेल अशी सर्वमान्य मर्यादा नाही, आणि कुणी ठामपणे एक आकडा सांगितला तर त्याच्यावर कुत्र्याचं भवितव्य ठरवू नका.

आता तुमच्या मशीनबद्दल. गाभण तपासणीसाठी गुदद्वारातून घालायचा लिनिअर (सरळ पट्टीच्या तोंडाचा) प्रोब बहुतेक ५ ते ७.५ मेगाहर्ट्झचा असतो. त्यानं डोळा दिसेल, भिंगाच्या दोन चमकदार रेघा दिसतील, मागचा पडदा सुटलेला असेल किंवा डोळ्यात रक्त साचलं असेल तर तेही समजेल. पण आवरणाचं माप त्यावर विश्वासानं घेता येत नाही. नर्व्ह प्रोबपासून दूर, सरळ मागं जाते, म्हणजे तिची रुंदी लहरींच्या दिशेला आडवी पडते. सोनोग्राफीत खोलीच्या दिशेनं बारकावा चांगला मिळतो, आडव्या दिशेनं कमी. आपल्याला पकडायचा असतो मिलिमीटरचा दोन-तीन दशांश फरक, आणि तोही नेमका मशीन जिथं कमजोर असतं त्या दिशेनं. त्यासाठी १० ते १२ मेगाहर्ट्झच्या वरचा, लहान तोंडाचा लिनिअर प्रोब हवा. तुमच्या मशीनला तसा दुसरा प्रोब लागत असेल तर नव्या मशीनचा खर्च करण्याआधी त्याची चौकशी करा. चित्र मोठं करा, फोकस नर्व्हच्या खोलीवर आणा आणि गेन (चित्राचा उजळपणा) इतका वाढवू नका की नर्व्हच्या कडा चरबीत विरघळतील.

माप घेताना डोळ्यावर दाब देऊ नका. हे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगतो. गोळा दाबला की हृदयाचे ठोके प्रतिक्षिप्त क्रियेनं कमी होतात. मग तुम्ही मंद नाडी मोजता, ती मेंदूच्या दाबामुळे आहे असं समजता आणि सगळा अंदाज चुकतो. पापणी मिटवून तिच्यावर भरपूर जेल घाला, केसांत हवा राहू देऊ नका आणि प्रोब जेलवर तरंगला पाहिजे इतकाच टेकवा. प्रोब धरलेल्या हाताची करंगळी कुत्र्याच्या गालफडाच्या हाडावर टेकवली की हात स्थिर राहतो आणि डोळ्यावर वजन येत नाही. गोळा बाहेर आला असेल, फुटल्याची शंका असेल, बुबुळावर खोल जखम असेल तर त्या डोळ्याला प्रोब लावायचाच नाही.

चित्रात डोळ्याचा काळा गोळा, त्यामागं खोबणीतल्या चरबीचा पांढुरका भाग आणि त्यातून मागं जाणारा काळसर पट्टा दिसतो. तो पट्टा म्हणजे नर्व्ह, तिच्या दोन्ही बाजूंच्या बारीक चमकदार कडा म्हणजे आवरण. गोळ्याच्या मागच्या भिंतीपासून ३ मि.मी. मागं एक खूण करा आणि तिथं नर्व्हला काटकोनात, आवरणाच्या एका बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. खोबणीत नर्व्ह सरळ नसते, तिला थोडी ढील आणि वळण असतं म्हणून डोळा मोकळा फिरतो. त्या वळणावर तिरका छेद गेला की माप उगाच मोठं येतं. प्रोब हळूहळू कलवत राहा आणि पट्टा लांबपर्यंत समांतर कडांचा दिसला तेव्हाच चित्र थांबवा. दोन्ही डोळ्यांची, आडव्या आणि उभ्या छेदात, प्रत्येकी दोन-तीन मापं घेऊन सरासरी लिहा. मापं आपसातच अर्ध्या मिलिमीटरनं हलत असतील तर ती वापरू नका. हात बसेपर्यंत निदान करायची घाई नको. नसबंदीसाठी भूल दिलेली निरोगी कुत्री येतात, मालकाला विचारून त्यांचे डोळे पाहा. नजर त्यातूनच तयार होते, आणि आपल्या भागातल्या गावठी कुत्र्यांची वजनाप्रमाणे मापंही तुमच्याकडे जमतात. तो तक्ता पुढं कुठल्याही छापील आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

कुत्रं टेबलावर आलं की मी काय बघतो ते सांगतो. श्वास, हिरड्यांचा रंग, नाडी, रक्तदाब. मग सावलीत नेऊन टॉर्चनं बाहुल्या. उन्हात बाहुली बघून काही अर्थ नाही. जाणीव, हालचाल आणि मेंदूच्या देठाच्या प्रतिक्रिया या तिन्हींना १ ते ६ गुण देऊन बेरीज करायची, ३ ते १८ मध्ये आकडा येतो. २००१ मध्ये डोक्याला मार लागलेल्या कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात ८ गुण असलेल्यांची पहिल्या ४८ तासांत जगण्याची शक्यता साधारण निम्मी निघाली होती. हे गुणांकन फुकट आहे, कुठंही करता येतं आणि दर अर्ध्या तासानं करता येतं. सोनोग्राफी त्याच्या जोडीला असते, त्याच्याऐवजी नाही.

कवटीतला दाब कुत्र्यात साधारण ५ ते १२ मि.मी. पाऱ्याचा असतो. तो चढू लागला की मेंदूला रक्त पोचावं म्हणून शरीर रक्तदाब वाढवतं आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून हृदय मंदावतं. गुंगीतलं कुत्रं, चढलेला रक्तदाब आणि मंद ठोके हे तिन्ही एकत्र दिसले तर ती शेवटची घंटा समजा. अशा वेळी ठोके कमी आहेत म्हणून ते वाढवणारं ॲट्रोपिन देणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. तिथं ॲट्रोपिन द्यायचं नसतं, दाब उतरवायचा असतो.

इथंच आपल्या भागातली एक खास गुंतागुंत सांगायला हवी. फवारणीच्या दिवसांत दारव्ह्याकडून एक राखणीचा कुत्रा आणला होता. मालक म्हणाला, “साहेब, वावरात पडून होता, गाडीनं उडवलं का काय, समजून नाही राह्यलं.” कुत्रा गुंगीत, ठोके मंद. अपघात धरून मॅनिटॉल लावायची तयारी झाली होती. पण बाहुल्या दोन्ही टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या, तोंडातून लाळेची तार सुटलेली, मांडीचे स्नायू कातडीखाली किड्यांसारखे वळवळत होते आणि अंगाला औषधाचा उग्र वास. रक्तदाब चढलेला नव्हता. ऑर्गॅनोफॉस्फेट या फवारणीच्या कीटकनाशकाची विषबाधा होती. तिथं ॲट्रोपिन हेच जीव वाचवणारं औषध. शंका राहिली तर ०.०२ मि.ग्रॅ. प्रति किलो एवढी चाचणीची मात्रा शिरेतून देऊन बघतात. त्या छोट्या मात्रेनं ठोके झपकन वाढले आणि बाहुल्या पसरल्या तर विषबाधेची शक्यता कमी. या कुत्र्यात काहीच हललं नाही, आणि मग पूर्ण मात्रा सुरू केली. नंतर डोळे पाहिले, दोन्हीकडचं आवरण त्याच्या वजनाच्या मानानं नेहमीसारखं होतं. त्यानं निदानाला दुजोरा मिळाला, पण निदान नाकानं आणि डोळ्यांनी आधीच झालं होतं. मंद ठोके दोन्हींत असतात आणि औषध मात्र उलट, म्हणून कापूस-सोयाबीनच्या भागात काम करणाऱ्यानं हा फरक पाठ करून ठेवावा.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. वागणं बदललेलं, जबडा लोंबलेला, गिळता न येणारं, लसीची माहिती नसलेलं कुत्रं असेल तर रेबीज मनात धरल्याशिवाय त्याच्या तोंडाजवळ हात नेऊ नका. डोळ्याच्या सोनोग्राफीत तुमची बोटं दातांपासून वीतभर अंतरावर असतात. अशा कुत्र्याचं कुठलंही माप तुमच्या जिवापेक्षा मोलाचं नाही. हे काम करणाऱ्या प्रत्येकानं, मदतनीसासकट, चावा होण्याआधीच घ्यायची रेबीजची लस घेतलेलीच असली पाहिजे. अपघाताची गोष्ट सांगितली म्हणून रेबीज नाही असंही धरू नका, भेलकांडत रस्त्यावर गेलेलं कुत्रंच गाडीखाली येतं.

मार न लागताही दाब वाढतो. पिल्लांमध्ये डिस्टेंपर हा विषाणूचा आजार, म्हाताऱ्या कुत्र्यांत मेंदूची गाठ, एप्रिल-मे मध्ये चंद्रपूर-नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात उष्माघातानंतर आलेली मेंदूची सूज, गोचीड तापात प्लेटलेट उतरून झालेला रक्तस्राव. या सगळ्यांत आवरण रुंद दिसू शकतं, पण कारण कुठलं ते त्यावरून कळत नाही. रक्तातली साखर मात्र प्रत्येक गुंगीतल्या कुत्र्याची आधी तपासा. लहान जातींच्या पिल्लांत टाळू उघडी राहिली असेल तर तिच्यावर प्रोब ठेवून मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या थेट दिसतात. त्या मोठ्या दिसल्या म्हणजे दाब वाढलाच असंही नाही, मोठ्या पोकळ्या घेऊन मजेत खेळणारी पिल्लं असतात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी हा वेगळा आणि अवघड विषय आहे, तालुक्याच्या दवाखान्यात त्याच्या मागं लागू नका.

उपचार. २० टक्के मॅनिटॉल ०.५ ते १ ग्रॅम प्रति किलो, शिरेतून १५ ते २० मिनिटांत. १५ किलोच्या कुत्र्याला म्हणजे साधारण ३७ ते ७५ मि.ली. हिवाळ्यात बाटलीत खडे दिसतात. ते तसेच देऊ नका. बाटली गरम पाण्यात धरून खडे विरघळवा, अंगाच्या उष्णतेला येऊ द्या आणि फिल्टर लावूनच द्या. कुत्रं शॉकमध्ये असेल, रक्त गेलं असेल तर मॅनिटॉल लघवीवाटे आणखी पाणी काढेल. तिथं हायपरटॉनिक, म्हणजे जास्त मिठाचं, सलाईन बरं. ३ टक्क्यांचं मेडिकलवर मिळतं, ४ ते ५ मि.ली. प्रति किलो, १५ ते २० मिनिटांत. रक्तदाब पडलेला असेल तर तो आधी सावरा, कारण मेंदूला रक्त ढकलणारा दाब म्हणजे सरासरी रक्तदाबातून कवटीतला दाब वजा केल्यावर उरतो तेवढाच. पाच टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) लावू नका, त्यानं सूज वाढते. नाकात ऑक्सिजनची नळी घालू नका, एका शिंकेनंही दाब उसळतो, तोंडासमोर धरा. झटके आले तर डायझेपाम ०.५ मि.ग्रॅ. प्रति किलो शिरेतून, शीर सापडली नाही तर १ मि.ग्रॅ. प्रति किलो गुदद्वारातून.

आणि डेक्सा, म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. डोक्याला मार लागला की गावात पहिलं इंजेक्शन तेच पडतं, हे बंद व्हायला हवं. माणसांमध्ये दहा हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या ‘क्रॅश’ चाचणीत डोक्याच्या दुखापतीत स्टेरॉइड दिलेल्यांत मृत्यू जास्त आढळले, आणि २००४ पासून हे जगजाहीर आहे. पशुवैद्यकातही डोक्याच्या दुखापतीत ते देऊ नये असंच सांगितलं जातं. गाठीभोवतीच्या सुजेत स्टेरॉइडचा उपयोग होतो, ती गोष्ट वेगळी.

औषधानंतर दोन-तीन तासांनी पुन्हा माप घ्या. गुण वाढले आणि आवरण उतरलं तर योग्य वाटेवर आहात. गुण घसरले आणि आवरण वाढलं तर वेळ न घालवता पुढं पाठवा. गुण वाढले पण आवरण तसंच असेल तर घाबरू नका, बराच वेळ ताणलेलं आवरण लगेच आक्रसत नाही. कुत्रं सुधारतंय ना, मग कुत्र्यावर विश्वास ठेवा. आणि केवळ आवरण रुंद आहे म्हणून कायमचं झोपवण्याचा सल्ला कुणालाही देऊ नका.

पाठवायचं कुठं, हा आपला नेहमीचा प्रश्न. पुसद-दिग्रसकडून अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था जवळ पडते, वणी-पांढरकवड्याकडून नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय. निघण्याआधी फोन करा. गळ्यातली साखळी, पट्टा, दोर सगळं काढा, मानेच्या शिरा दाबल्या गेल्या की डोक्यातलं रक्त उतरत नाही. त्याच कारणानं रक्ताचा नमुना मानेतून घेऊ नका, पायातून घ्या. कुत्रं फळीवर ठेवा आणि फळीचंच टोक उचला, ३० अंशांपेक्षा जास्त नाही. डोक्याखाली उशी ठेवली तर मान मुडपते. छोट्या हत्तीत मागं टाकून नेत असतील तर फळीखाली पोती पसरायला सांगा आणि एक माणूस डोक्याजवळ बसवा.

सोबतच्या चिठ्ठीत वेळेसह लिहा: आल्यावरचे आणि निघतानाचे गुण, दोन्ही बाहुल्या, नाडी, रक्तदाब, साखर, मॅनिटॉल किती आणि किती वाजता, दोन्ही डोळ्यांची मापं, प्रोब किती मेगाहर्ट्झचा, कुत्र्याचं वजन. प्रोब आणि वजन लिहिलं नाही तर तिथल्या डॉक्टरांना तुमच्या मिलिमीटरचा काही उपयोग होणार नाही. चित्रांचे फोटोही मोबाईलवर पाठवून द्या, कुत्रं पोचायच्या आत ते बघून ठेवतील.